घराच्या खिडकीची काच गाडीच्या दाराला, आणि गाडी पास!

स्पष्टच लिहितो. काहींना झोंबेल, त्याला इलाज नाही.

आपल्या तालुक्यात शाळेची पोरं घेऊन पळणाऱ्या व्हॅन, बाजाराच्या दिवशी माणसं कोंबून जाणाऱ्या काळी-पिवळी जीप आणि कितीतरी घरच्या गाड्या अशा आहेत, की ज्यांच्या दाराची मूळ काच फुटली आणि तिथे घराच्या खिडकीची साधी काच कापून बसवली. अंदाजपंचे बोलत नाही. गेल्या पंधरवड्यात स्टँडसमोर, दोन शाळांच्या फाटकापाशी आणि बाजारतळावर उभं राहून गाड्यांच्या काचांचे कोपरे बघितले. किती गाड्या, असा आकडा टाकत नाही, कारण मी शास्त्रशुद्ध मोजणी केलेली नाही. पण शोधावं लागलं नाही एवढं नक्की.

कोपरे का बघितले, ते आधी सांगतो. कंपनीतून आलेल्या गाडीच्या प्रत्येक काचेवर खालच्या कोपऱ्यात एक छोटा छाप असतो. काच बनवणाऱ्याचं नाव, आयएसआयची खूण, आयएस २५५३ हा मानक क्रमांक आणि बनवणाऱ्याचा परवाना क्रमांक. हा छाप काचेतच असतो, नखाने निघत नाही. आता तुमच्याच गाडीभोवती एक चक्कर मारा. तीन दारांवर छाप आहे आणि चौथ्यावर नाही, तर चौथी काच कुठून आली, हा प्रश्न विचारायला हवा. सेकंडहँड गाडी घेताना आपण टायर दाबून बघतो, बॉनेट उघडतो, पत्र्यावर टिचकी मारून लांबी शोधतो. काचेचा कोपरा मात्र कुणी बघत नाही.

"काच ती काच, त्यात काय एवढं?" असं बऱ्याच जणांनी मला तोंडावर विचारलं. म्हणून जरा खोलात जातो.

गाडीच्या समोरची काच म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा. दगड लागला तर ती तडकते, पण तुकडे पडद्याला चिकटून राहतात. दाराची काच बहुतेक गाड्यांत वेगळी असते, तिला टफन काच म्हणतात. ती आधी मापात कापतात, कडा घासतात, भोकं पाडायची तर पाडतात, आणि मग सहाशे अंशांच्या वर तापवून एकदम थंड हवेचा मारा करतात. त्यामुळे बाहेरचा थर आवळला जातो आणि आतला ताणलेला राहतो. अशी काच त्याच जाडीच्या साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते. आणि फुटलीच, तर एका क्षणात तिचे बारीक बोथट दाणे होतात. अपघातानंतर रस्त्यावर पडलेले ते फुटाण्याएवढे दाणे तुम्ही पाहिलेच असतील. हातावर घेतले तर खरचटेल, पण नस कापणार नाही. काच अशी फुटावी म्हणूनच हा सगळा खटाटोप केलेला असतो.

साधी काच फुटते ती सुरीसारखी. लांब, टोकदार, धारदार पट्ट्या होतात. काही खाली पडतात, काही दाराच्या चौकटीत तशाच उभ्या राहतात. खिडकीला डोकं टेकून झोपलेलं पोर डोळ्यांपुढे आणा. गाडीला बाजूने धक्का बसला तर त्याची मान नेमकी कुठे असेल, ते मी लिहीत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टफन काच एकदा तयार झाली की कापता येत नाही. कापायला जाल तर सगळीचे दाणे होतील. म्हणजे ज्या दुकानात तुमच्यासमोर टेबलावर मोठा शीट ठेवून, हिऱ्याने रेघ ओढून, कट् करून दाराची काच काढून दिली, ती काच टफन असूच शकत नाही. ती कोणत्या कंपनीची आहे, किती एमएमची आहे, दुकानदार किती जुना आहे, याने काही फरक पडत नाही. ही परीक्षा पास व्हायला इंजिनिअर असावं लागत नाही, डोळे उघडे असले की पुरे.

मग लोक ती बसवतात का? त्याची कारणं मला कळतात आणि सगळी वेडेपणाची नाहीत.

दाराची काच फुटायला वेळ लागत नाही. डंपरच्या चाकातून दगड उडतो. गल्लीतल्या क्रिकेटचा षटकार येतो. बंद पुकारला की कुणाची तरी भावना दुखावते आणि उभ्या गाडीवर दांडकं पडतं. चोर बॅगेसाठी काच फोडतो. फोडणाऱ्याचं भागतं, गाडीवाला अडकतो. पावसाचे दिवस, गाडी उघडी ठेवता येत नाही. गॅरेजवाला म्हणतो, ओरिजिनल काच जिल्ह्याच्या ठिकाणाहून मागवावी लागेल, आठ-दहा दिवस धरा. त्याच्या शेजारीच ॲल्युमिनियम सेक्शन आणि काचेचं दुकान. तो म्हणतो, दादा, तासाभरात बसवून देतो, काही शेकड्यांत काम. ज्याचं पोट त्या जीपवर आहे त्याने दहा दिवस गाडी उभी करायची का? मला त्या ड्रायव्हरची अडचण कळते.

एका काचवाल्याशी बोललो. नाव लिहीत नाही, माणूस सरळ आहे. तो म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक स्वतः जुन्या काचेचा कागदावर छाप काढून आणतं. मी नाही म्हटलं तर पुढच्या दुकानात जातं. आणि आजपर्यंत मला कुणी सांगितलं का, की हे चालत नाही?"

त्याचा हा शेवटचा प्रश्न खरा आहे. त्याला कुणीच सांगितलं नाही. आणि ज्यांनी सांगायचं, त्यांचाच हिशेब आता मांडायचा आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम क्रमांक १००. त्याच्या पहिल्याच पोटनियमात म्हटलंय की मोटारीच्या समोरच्या आणि खिडक्यांच्या काचा सेफ्टी ग्लासच्या किंवा सेफ्टी ग्लेझिंगच्याच असल्या पाहिजेत. शेतीच्या ट्रॅक्टरला यातून वगळलंय, तीनचाकी आणि हूडवाल्या गाड्यांना पारदर्शक प्लास्टिकची सवलत आहे. सेफ्टी ग्लास म्हणजे काय तेही तिथेच सांगितलंय. मानकाप्रमाणे बनवलेली आणि फुटली तरी माणसाला खोल जखमा होतील असे तुकडे न होणारी काच. इतकं स्वच्छ लिहिलेलं आहे.

याच नियमाचा दुसरा पोटनियम तुम्हाला तोंडपाठ आहे, फक्त त्याचा नंबर माहीत नाही. समोरच्या आणि मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, तो हा नियम. याच्याच आधारे सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ ला अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर काळ्या फिल्मविरुद्ध निकाल दिला. तेव्हापासून चौकाचौकांत गाड्या अडवून फिल्म सोलण्याचे कार्यक्रम आपण सगळ्यांनी पाहिलेत. फोटो काढून प्रेसनोटही येते. मीही त्या बातम्या लावल्यात आणि कारवाई योग्यच होती.

माझा प्रश्न एवढाच आहे. एकाच नियमातला दुसरा पोटनियम दिसतो आणि पहिला दिसत नाही, हे कसं? ज्या गाडीची काळी फिल्म सोलली, तिच्याच मागे उभ्या असलेल्या शाळेच्या व्हॅनच्या दारात साधी काच आहे आणि ती सलाम ठोकून पुढे जाते. काळी फिल्म लांबून दिसते, काचेचा कोपरा बघायला वाकावं लागतं. आमच्या यंत्रणेला वाकायची सवय नाही, निदान जनतेसाठी तरी नाही.

वाहतूक पोलिसाला गर्दीत वेळ नसतो, हे मी एक वेळ मान्य करतो. पण फिटनेसचं काय? प्रवासी वाहनाला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. गाडी कॅम्पला जाते, ब्रेक बघतात, लाईट बघतात, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या बघतात. पट्टी नसेल तर गाडी परत पाठवतात. मग बिनछापाची काच असलेली गाडी पास होते कशी? दोनच शक्यता आहेत. एक तर काच बघितलीच जात नाही, किंवा बघून सोडली जाते. यातली कुठली खरी, ते संबंधित साहेबांनी सांगावं. उत्तर आलं तर याच भिंतीवर एकही शब्द न कापता टाकीन.

खासगी गाड्यांची गंमत वेगळीच. त्यांना नोंदणीनंतर १५ वर्षं फिटनेसचा प्रश्नच येत नाही. म्हणजे तुमच्या-माझ्या गाडीची काच बघायला कुणी येणारच नाही. ती आपणच बघायची.

आता गाडी बनवणाऱ्यांकडे वळू. त्यांना मोकळं सोडणं बरोबर नाही. देशभरच्या गाड्यांना लागणाऱ्या काचांचे मोठे कारखाने आपल्याच राज्यात, चाकणसारख्या पट्ट्यात आहेत. तरी तालुक्याच्या गावात साध्या गाडीच्या डाव्या दाराची काच मिळत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात आणि बाहेरच्या गॅरेजना मोकळेपणाने मिळू देत नाहीत, हाच त्यात ठपका होता. दंडाचं प्रकरण पुढे अपिलांत गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात मोटारीही घेतल्या. कागदावर सगळं छान आहे. आपल्या गॅरेजवाल्याला मात्र आजही काचेसाठी जिल्ह्याला फोन करून "आली का, आली का" विचारत बसावं लागतं.

आणि किमतीचा बाऊ फार होतो. छोट्या साध्या गाडीच्या दाराची योग्य काच साधारण हजार-दीड हजारापासून मिळते, मोठ्या गाडीची अर्थातच जास्त. साध्या काचेपेक्षा महाग आहे, मान्य. पण म्युझिक सिस्टीमला आणि दारावरच्या दादा-भाऊंच्या स्टिकरला लागतात तेवढेच हे पैसे.

विम्याचंही सांगून टाकतो, कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. तुमच्याकडे फक्त थर्ड पार्टी असेल तर काचेचा एक रुपयाही मिळणार नाही. फुल पॉलिसी असेल तर नेहमीच्या घसाऱ्याच्या तक्त्यात प्लास्टिक-रबराच्या भागांना ५० टक्के घसारा लागतो, काचेला शून्य. पण छोट्या मोटारीला हजार रुपये सक्तीची कपात आहे आणि क्लेम केला की नो क्लेम बोनसला धक्का बसू शकतो. त्यामुळे एका दाराच्या काचेसाठी क्लेम परवडतो का, याचा हिशेब आधी करा. नाही परवडत म्हणून साधी काच बसवा, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

फक्त जीवाचाच प्रश्न आहे असंही नाही. गाडीची काच नीट बसली नाही तर दाराचं वाटोळं होतं. आजकालच्या बहुतेक गाड्यांच्या दाराची काच सपाट नसते, तिला बाक असतो. रबराच्या चॅनलमधून ती त्या बाकातच वर-खाली सरकते. तिथे सपाट काच कोंबली की ती अर्ध्यावर अडकते, मोटर ओढत राहते, जळते. वरच्या कडेला फट राहते. साठच्या पुढे गाडी गेली की शिट्टी वाजते, पावसात पाणी सीटवर येतं.

मिस्त्रीने केलेली घाईही महागात पडते. फुटलेल्या काचेचे दाणे दाराच्या पोटात पडलेले असतात. पॅड काढून ते उपसले नाहीत तर आयुष्यभर खुळखुळा वाजतो, नव्या काचेला चरे पडतात आणि दाराच्या खालची पाणी जायची भोकं तुंबतात. पाणी साचलं की पत्रा आतून सडतो. पॅडच्या मागे एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो फाडून तसाच सोडला की दारातलं पाणी थेट गाडीत पायाशी येतं. "पाणी कुठून येतं कळत नाही" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी आधी तो कागद तपासावा.

आता कमेंटमध्ये काय येणार, ते मला आधीच माहीत आहे.

"आधी रस्ते करा, मग काचा बघा." रस्त्यांवर मी किती लिहिलंय ते जुन्या पोस्ट बघा. आणि रस्ता खराब आहे म्हणूनच काच चांगली पाहिजे. खड्डा चुकवताना गाडी पलटी झाली तर पोरांच्या आणि रस्त्याच्या मध्ये तीच काच असते.

"गरीब ड्रायव्हरच्या पोटावर का उठलात?" त्याच्या पोटावर मी उठलो नाही. काच फुटली तर सगळ्यात आधी त्यालाच लागणार आहे, तो रोज त्याच काचेशेजारी बसतो. मालक घरी बसलेला असतो.

"आजपर्यंत कुणाला काय झालं?" अपघाताच्या पंचनाम्यात दाराची काच कुठल्या प्रकारची होती, हा रकाना मी तरी कधी भरलेला पाहिला नाही. जे लिहिलंच जात नाही ते घडलं नाही, असं कसं म्हणणार?

मग करायचं काय? ज्याची काच फुटली त्याने पहिले दोन-चार दिवस जाड प्लास्टिक आणि टेप लावून काढावेत, जमेल तितकी गाडी घरीच ठेवावी आणि मागच्या सीटवर पोर बसवू नये. काच मागवताना गाडीचं नुसतं नाव सांगू नका, चेसिस नंबर द्या. एकाच नावाच्या गाडीच्या वेगवेगळ्या सालातल्या काचा वेगळ्या असतात, डावी-उजवी, पुढची-मागची तर वेगळी असतेच. नवी परवडत नसेल तर स्क्रॅपच्या बाजारातून त्याच मॉडेलची जुनी मूळ काच आणा. छाप बघा, कडेला टवका गेलेला नाही ना ते बघा. कोरी साधी काच घेण्यापेक्षा ती शंभर पटीने बरी. छापावरचा परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून खरा-खोटा तपासता येतो, फुकट आहे. आणि बसवताना दाणे उपसलेत का, रबर चॅनल फाटलंय का, कागद परत चिकटवला का, हे उभं राहून बघा.

काचवाले आणि ॲल्युमिनियमवाले बंधूंना हात जोडून विनंती. गाडीच्या दाराची काच कापून देऊ नका. चार गॅरेजवाल्यांनी मिळून नेहमी लागणाऱ्या पाच-सहा मॉडेलच्या काचा जिल्ह्यावरून एकदम आणून ठेवल्या, तर त्यांचाही धंदा आहे आणि गिऱ्हाइकाची दहा दिवसांची वाटही वाचते.

मुख्याध्यापकांना विनंती नाही, आठवण करून देतोय. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती असते आणि तिचे अध्यक्ष तुम्ही असता. ती कागदावर असेल तर कागदावरून खाली उतरवा. एका संध्याकाळी शाळा सुटताना पालकांचे दोन प्रतिनिधी घेऊन सगळ्या व्हॅनच्या काचांचे कोपरे बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. जिथे छाप नाही, त्या मालकाला पंधरा दिवसांची मुदत द्या. लगेच गाडी बंद करा म्हणत नाही, कारण पोरांना शाळेत पोचायचंही आहे. पण मुदत लेखी द्या.

आणि परिवहन खात्यासाठी माझा माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी जातोय. प्रश्न तीनच. गेल्या तीन वर्षांत आपल्या तालुक्याच्या कॅम्पमध्ये किती वाहनांची फिटनेस तपासणी झाली? नियम १०० च्या पहिल्या पोटनियमासाठी, म्हणजे सेफ्टी ग्लास नाही म्हणून, त्यातली किती वाहनं परत पाठवली? आणि तपासणीच्या नमुन्यात खिडकीच्या काचेची नोंद कुठे केली जाते? ३० दिवसांत उत्तर आलं तर इथे टाकेन, नाही आलं तर अपिलाचा नंबर टाकेन.

तोपर्यंत तुम्ही एक करा. उद्या सकाळी पोराला व्हॅनमध्ये बसवताना त्याच्या बाजूच्या काचेचा खालचा कोपरा बघा. छाप नसेल तर ड्रायव्हरभाऊंशी भांडू नका, मालकाला फोन करा आणि शाळेला दोन ओळी लेखी द्या. कमेंटमध्ये गाडीचे नंबर आणि कुणाची नावं टाकू नका, तशा कमेंट काढून टाकीन. छाप आहे की नाही, एवढंच लिहा आणि कुठल्या रस्त्यावरची गाडी ते लिहा.